घटक ४ : बातमीची विश्वासार्हता – पत्रकार लोकांचा विश्वास कसा संपादन करतो?

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• वाचक बातमीवर विश्वास कशाच्या आधारे ठेवतो, हे सांगता येईल.
• पडताळणी, श्रेयनिर्देश, दुरुस्ती आणि पाठपुरावा या संकल्पना उदाहरणांसह स्पष्ट करता येतील.
• बातमीतील क्रियापदे व विशेषणे विश्वासार्हतेवर कसा परिणाम करतात, याचे विश्लेषण करता येईल.
• आपल्या परिसरातील बातम्यांचे चिकित्सक वाचन करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बातमीची रचना अभ्यासली. शीर्षक, शिरोभाग आणि तपशील यांची मांडणी कशी असते, हे पाहिले. परंतु रचनेच्या दृष्टीने निर्दोष असलेली बातमीही वाचकाला खरी वाटेलच असे नाही. 'पेपरात आलंय' एवढे सांगितले की वाद मिटावा, असा एक काळ होता. आज तेच वाक्य पुष्कळदा शंकेच्या सुरात उच्चारले जाते. भ्रमणध्वनीवर क्षणोक्षणी येणाऱ्या संदेशांच्या गर्दीत बातमी कोणती आणि वावडी कोणती, हे ठरविण्याचे काम वाचकावर येऊन पडले आहे.

अशा वेळी पत्रकाराने काय करावे? 'आमच्यावर विश्वास ठेवा' असे आवाहन करून विश्वास मिळत नाही. 'निर्भीड', 'निःपक्षपाती' ही विशेषणे वृत्तपत्राच्या नावाखाली छापूनही तो मिळत नाही. आपल्याला हे कसे कळले, किती कळले आणि काय कळलेले नाही, हे पत्रकार जेव्हा वाचकापुढे उघडपणे मांडतो आणि चुकल्यास ते मान्य करतो, तेव्हा विश्वास हळूहळू साठत जातो. या घटकात आपण हा मुद्दा प्रामुख्याने पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांतील उदाहरणांच्या आधारे समजून घेणार आहोत. आवश्यक तेथे मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासाचाही आधार घेऊ.

४.३ विषय विवेचन

४.३.१ वाचक बातमी कशी पारखतो?

पुण्याहून नाशिककडे जाताना खेडचा घाट चढून गेल्यावर आंबेगाव तालुक्यातील पेठ हे गाव लागते. सातगाव पठार म्हणून ओळखला जाणारा हा परिसर पावसाळी हंगामातील बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. पुढे मंचर येथे कृषी उत्पन्न बाजार समिती आहे. परिसरातील शेतकरी आपला कांदा तेथे विक्रीस नेतात.

समजा, पेठ गावातील एका शेतकऱ्याने काल मंचरला कांदा विकला. आज सकाळी त्याने दैनिक उघडले आणि 'कांद्याला उच्चांकी भाव' हे शीर्षक वाचले. शीर्षकातील भाव आणि त्याच्या हाती आलेली पट्टी यांत मोठी तफावत आहे. बातमी खोटी आहे का? तसे म्हणता येणार नाही. एखाद्या वक्कलाला तो भाव खरोखरच मिळालेला असतो. पण तो मोजक्या पिशव्यांना, एक नंबर गोळ्याला मिळालेला असतो. गोल्टी आणि बदला यांचे दर निराळे असतात. बाजार समिती किमान, कमाल आणि सरासरी असे तिन्ही दर नोंदवते, तसेच किती आवक झाली हेही नोंदवते. बातमीदाराने त्यांतील कमाल दर तेवढा उचलला. अशा वेळी छापलेला प्रत्येक अंक बरोबर असूनही बातमीतून उभे राहणारे चित्र चुकीचे ठरते.

या उदाहरणातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. वाचकाच्या दृष्टीने बातम्यांचे दोन प्रकार असतात. पहिला प्रकार त्याला स्वतः पडताळून पाहता येणाऱ्या बातम्यांचा. बाजारभाव, गावची ग्रामसभा, रस्त्यावरील अपघात, यात्रेतील गर्दी या बातम्या त्यात येतात. दुसरा प्रकार त्याला कधीच पडताळता न येणाऱ्या बातम्यांचा. दिल्लीतील निर्णय, परदेशातील युद्ध, न्यायालयातील सुनावणी यांच्या बातम्या त्याला दुसऱ्याच्या भरवशावरच वाचाव्या लागतात. पहिल्या प्रकारच्या बातम्यांत जे वृत्तपत्र त्याच्या अनुभवाशी जुळते, त्या वृत्तपत्राचे म्हणणे तो दुसऱ्या प्रकारच्या बातम्यांतही स्वीकारतो. ज्याला कांद्याचा दर नीट सांगता आला नाही, त्याने सांगितलेल्या अर्थसंकल्पावर विश्वास का ठेवावा, असा त्याचा साधा हिशेब असतो.

म्हणून तालुक्याच्या पानावरील लहानशी बातमी लहान मानू नये. वृत्तपत्राच्या विश्वासार्हतेची परीक्षा तेथेच रोज होत असते आणि परीक्षक अत्यंत जाणकार असतो.

जुलै २०२३ मधील टोमॅटोच्या बातम्या या संदर्भात आठवण्यासारख्या आहेत. त्या महिन्यात देशभर टोमॅटोचे दर भडकले. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव बाजारात २० किलोच्या क्रेटला अभूतपूर्व भाव मिळाला. तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाने महिनाभरात १३ हजार क्रेट विकून दीड कोटी रुपये मिळविल्याची बातमी देशभर प्रसिद्ध झाली. ही बातमी लक्षवेधी होती यात शंका नाही. मात्र त्याच वर्षी उन्हाळ्यात भाव कोसळल्यामुळे राज्यात शेतकऱ्यांनी टोमॅटो फेकून दिले होते आणि पावसाळा सरता सरता दर पुन्हा घसरले. 'टोमॅटोने केले करोडपती' एवढेच वाचणाऱ्या शहरी वाचकाच्या मनात शेतकऱ्याविषयी एक समज तयार होतो. ज्याच्याकडे त्या महिन्यात माल नव्हता, तो शेतकरी मात्र हे शीर्षक वाचून वृत्तपत्रापासून दुरावतो. अपवाद हा बातमीचा विषय असू शकतो. तो अपवाद आहे, हे सांगणे पत्रकाराचे कर्तव्य आहे.

४.३.२ 'कसे कळले' हे सांगणे : माळीणचे उदाहरण

बुधवार, ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील माळीण या गावावर डोंगरकडा कोसळला. गावातील ४० हून अधिक घरे मातीखाली गाडली गेली. ही वार्ता बाहेरच्या जगाला कशी कळली, हे अभ्यासण्यासारखे आहे. त्या मार्गाने एसटी बस घेऊन आलेल्या चालकाला नेहमीचे गाव जागेवर दिसले नाही. दिसला तो चिखलमातीचा ढिगारा. त्याने ही गोष्ट इतरांना कळविली आणि मग यंत्रणा हलली.

या चालकाला काय ठाऊक होते आणि काय ठाऊक नव्हते, याचा विचार करा. गाव दिसत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. किती माणसे गाडली गेली, कडा का कोसळला, हे त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. पत्रकाराच्या वहीतील माहितीही अशीच तीन भागांत विभागता येते : स्वतः पाहिलेले, इतरांनी सांगितलेले आणि आपण अनुमानाने काढलेले. हे तीन भाग बातमीत वेगळे राहिले, की वाचकाला प्रत्येक विधानाचे वजन कळते. ते एकमेकांत मिसळले, की सगळीच बातमी डळमळते. माहिती कोणाकडून मिळाली याचा स्पष्ट उल्लेख करण्याला 'श्रेयनिर्देश' म्हणतात.

मृतांच्या संख्येबाबत हा काटेकोरपणा विशेष आवश्यक असतो. माळीणमध्ये शोधकार्य सुमारे आठवडाभर चालले. मृतांचा अधिकृत आकडा रोज वाढत गेला आणि अखेरीस तो १५१ झाला. पहिल्या दिवशी ढिगाऱ्याखाली किती जण आहेत, हे निश्चितपणे कोणालाच सांगता येणार नव्हते. अशा वेळी हाती आलेले मृतदेह आणि बेपत्ता असण्याची शक्यता असलेल्या व्यक्ती या दोन संख्या वेगळ्या द्याव्यात. त्या कोणी दिल्या आणि किती वाजेपर्यंतच्या आहेत, हे लिहावे. 'सायंकाळी सहापर्यंत बाहेर काढलेल्या मृतदेहांची ही संख्या जिल्हा प्रशासनाने दिली. ढिगाऱ्याखाली आणखी किती जण आहेत, याची खात्रीलायक माहिती अद्याप मिळालेली नाही', अशा आशयाची दोन वाक्ये पुरेशी असतात. दुसऱ्या दिवशी आकडा बदलला, तरी अशी बातमी खोटी ठरत नाही. आकडा मोठा म्हणून शीर्षक मोठे, या मोहात पडून अंदाज हीच वस्तुस्थिती म्हणून मांडली, तर मात्र पुण्या-मुंबईत राहणाऱ्या त्या गावच्या नातलगांना आपण नाहक यातना देतो.

कारणांचा प्रश्न याहून नाजूक होता. दुर्घटनेनंतर अनेक कारणे पुढे आली. अतिवृष्टी, तीव्र उतार, पाण्याने जड झालेली माती, वृक्षतोड आणि पडकईसाठी यंत्रांनी केलेले जमिनीचे सपाटीकरण यांची चर्चा झाली. पडकई म्हणजे डोंगरउतारावर बांध घालून भातखाचरे तयार करण्याची या भागातील आदिवासी शेतकऱ्यांची पद्धत. भूस्खलनामागे बहुधा एकाहून अधिक कारणे असतात आणि ती ठरविण्यास भूशास्त्रीय पाहणी लागते. पहिल्याच दिवशी 'गावकऱ्यांनीच डोंगर पोखरला' असे ठासून लिहिणे म्हणजे ज्यांना उत्तर देता येणार नाही, अशा मृतांवर दोष ठेवणे होय. 'अमुक तज्ज्ञांच्या मते हे एक संभाव्य कारण आहे, पाहणी व्हायची आहे' असे लिहिणारा पत्रकार कमी धाडसी वाटेल. पण वर्षभराने त्याचीच बातमी पुन्हा वाचता येते.

४.३.३ बातमीची भाषा : क्रियापदे, विशेषणे आणि बिबट्या

भाषेचे विद्यार्थी म्हणून हा भाग आपल्याला विशेष जवळचा आहे. बातमीतील पक्षपात अनेकदा मतांच्या स्वरूपात दिसत नाही. तो क्रियापदात दडलेला असतो. एकाच सरपंचांचे एकच विधान पुढील चार प्रकारे लिहून पाहा :

(१) निधी खर्च झाला नाही, असे सरपंचांनी सांगितले.
(२) निधी खर्च झाला नाही, असा दावा सरपंचांनी केला.
(३) निधी खर्च झाला नाही, हे सरपंचांनी स्पष्ट केले.
(४) निधी खर्च झाला नाही, अशी कबुली सरपंचांनी दिली.

पहिले वाक्य तटस्थ आहे. दुसरे विधानाविषयी शंका निर्माण करते. तिसरे ते विधान सत्य मानून चालते. चौथे बोलणाऱ्याला अपराधी ठरविते. शंका घेण्यास आधार असेल तर 'दावा' हे क्रियापद योग्यच आहे. पण तो आधार बातमीत दिसला पाहिजे. एका बाजूचे म्हणणे सतत 'स्पष्ट' होते आणि दुसऱ्या बाजूचा केवळ 'दावा' असतो, हे वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.

'समजते', 'बोलले जाते', 'चर्चा आहे' या क्रियापदांना कर्ता नसतो. कोणाला समजले आणि कोण बोलते, याचे उत्तर ती देत नाहीत. काही वेळा माहिती देणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी नाव गुप्त ठेवणे आवश्यक असते. तेव्हा नाव का दिले नाही आणि ती व्यक्ती हे जाणण्याच्या स्थितीत कशी होती, हे नाव उघड न होईल अशा बेताने सांगता येते. 'विश्वसनीय सूत्रे' हे शब्द आळसासाठी वापरले गेले, तर खरोखर गरज असेल त्या दिवशी त्यांना किंमत राहत नाही.

आता विशेषणांकडे वळू. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत कुकडी प्रकल्पातील धरणांमुळे सिंचन वाढले, उसाचे क्षेत्र वाढले आणि उसाच्या दाट फडात बिबट्यांना आसरा मिळाला. माणसांवरील हल्ले ही येथील अत्यंत वेदनादायी वस्तुस्थिती आहे. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्या निवारा केंद्र आहे. या विषयावरील बातम्यांत 'नरभक्षक', 'धुमाकूळ', 'दहशत', 'थरार' हे शब्द वारंवार आढळतात. बिबट्या केवळ बांधावर दिसला असेल, तरी त्याने 'धुमाकूळ' घातलेला असतो. मग ज्या दिवशी खरोखर हल्ला होतो, त्या दिवसासाठी निराळा शब्द उरत नाही. जुनी किंवा अन्य ठिकाणची चित्रफीत 'आपल्या शिवारातील' म्हणून फिरू लागली, की अशा भाषेने आधीच घाबरलेला वाचक ती लगेच पुढे पाठवतो.

भाषेचा परिणाम धोरणावरही होतो. 'पिंजरा लावा आणि बिबट्याला दूर नेऊन सोडा' ही मागणी संकटग्रस्त गावाने करणे स्वाभाविक आहे. परंतु डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर परिसरात केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळेच चित्र दिसले. मोठ्या प्रमाणावर स्थलांतर सुरू होण्यापूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. ते सुरू झाल्यानंतर ही सरासरी १७ झाली. पकडलेले प्राणी अनोळखी प्रदेशात सोडल्याने प्रश्न सुटला नाही, उलट तो वाढला. केवळ मागणी छापून थांबणाऱ्या बातमीत ही माहिती येत नाही. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात २०११ पासून वन विभाग, अभ्यासक आणि नागरिक यांनी राबविलेल्या उपक्रमात पत्रकारांसाठी कार्यशाळा घेण्यात आल्या. बिबट्याविषयीच्या वार्तांकनाला अधिक संतुलित करण्याचा तो एक उल्लेखनीय प्रयत्न होता.

येथे एक सावधानता बाळगली पाहिजे. भडक भाषा टाळणे म्हणजे दुःख सौम्य करून सांगणे नव्हे. पहाटे शेतावर जाणाऱ्या बाईची भीती खरी आहे. विजेचा पुरवठा रात्री मिळतो म्हणून अंधारात पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याचा धोका खरा आहे. तो रात्री शेतात का होता, हा प्रश्न विचारणारी बातमी 'थराराच्या' बातमीपेक्षा त्याच्या अधिक उपयोगाची असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) पुढील वाक्य तटस्थ भाषेत पुन्हा लिहा : 'बिबट्याच्या धुमाकुळाने गाव हादरले असून वन विभाग झोपेत असल्याचे बोलले जाते.'
(आ) या वाक्यातील कोणती माहिती पडताळावी लागेल आणि ती कोणाकडून, ते लिहा.

४.३.४ चूक आणि दुरुस्ती : १८८२ चा धडा

पडताळणी कितीही केली तरी चूक होऊ शकते. चुकीनंतर पत्रकार काय करतो, यावर त्याची परीक्षा होते. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात याचे एक ठळक उदाहरण आहे. 'केसरी' १८८१ मध्ये सुरू झाला. त्याचे संपादक गोपाळ गणेश आगरकर होते, तर 'मराठा' या इंग्रजी पत्राचे संपादन बाळ गंगाधर टिळक यांच्याकडे होते. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत असल्याच्या वार्तेने त्या वेळी लोक अस्वस्थ होते. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवणारा मजकूर या पत्रांनी प्रसिद्ध केला. त्यासाठी काही पत्रांचा आधार घेण्यात आला होता. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. संपादकांनी माफी मागितली, तरीही जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात ते १०१ दिवस मुंबईच्या डोंगरी तुरुंगात होते. या अनुभवावर आगरकरांनी पुढे पुस्तकही लिहिले.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकता येतात. पहिली, हेतू शुद्ध असणे हा पुराव्याला पर्याय होऊ शकत नाही. आपल्याला जे खरे वाटावे असे वाटते, तेच सांगणारा कागद हाती आला की तो अधिक कसून तपासावा लागतो. दुसरी, चूक उघड मान्य करणाऱ्या पत्राचे वाचक तुटतातच असे नाही. सुटकेच्या वेळी लोकांनी या संपादकांचे स्वागत केले आणि 'केसरी'चा प्रभाव पुढील काळात वाढतच गेला.

आज दुरुस्ती कशी करावी? चूक पहिल्या पानावर आणि दुरुस्ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात, हा व्यवहार वाचकाला समजतो. दुरुस्ती ठळक असावी. काय चुकले, बरोबर काय, हे तीत नेमके सांगावे. येथेही भाषा महत्त्वाची ठरते. 'अनवधानाने चूक झाली आहे' या वाक्यात चूक आपोआप घडते. 'काल आम्ही मंचर बाजारातील कमाल दर हा सरासरी दर म्हणून छापला. तो चुकीचा होता', या वाक्यांत चूक करणारा समोर उभा राहतो. संगणकीय आवृत्तीत तर मजकूर गुपचूप बदलणे सहज शक्य असते. तेथे बदल केल्याची नोंद ठेवणे अधिकच आवश्यक आहे.

४.३.५ बातमी आणि जाहिरात

तालुका पातळीवरील वार्ताहराची आर्थिक स्थिती बहुधा बिकट असते. मानधन तुटपुंजे आणि त्यात पुष्कळदा वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करण्याचे कामही त्याच्याकडेच. ज्या पुढाऱ्याकडे सकाळी जाहिरात मागायची, त्याच्याच कारभाराची बातमी संध्याकाळी लिहायची, अशी अवघड अवस्था होते. याचा दोष एकट्या वार्ताहराला देणे अन्यायाचे आहे. पण वाचकाला या व्यवहाराची कल्पना असते आणि त्याच्या अविश्वासाचे ते एक मोठे कारण आहे.

२००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी या प्रकाराचे उग्र रूप उघडकीस आणले. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा छापून आल्याचे त्यांनी दाखवून दिले. 'पेड न्यूज' हा शब्द तेव्हापासून सर्वतोमुखी झाला. भारतीय प्रेस परिषदेने दोन सदस्यांची समिती नेमून २०१० मध्ये याची चौकशी केली. प्रेस परिषद वृत्तपत्राला समज देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही. त्यामुळे अंतिम जबाबदारी वृत्तपत्रावर आणि त्याच्या वाचकावरच येते. पैसे घेऊन छापलेला मजकूर 'जाहिरात' म्हणून स्पष्ट ओळखू येईल असा छापणे, ही या बाबतीतील किमान अट आहे.

४.३.६ विश्वास कोणाचा?

'लोकांचा विश्वास' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या 'लोकां'त कोण येतात? बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले. आरशात सर्वांचे प्रतिबिंब पडावे, अशी अपेक्षा नावातच होती. मात्र बहुजन समाजाचे प्रश्न मांडण्यासाठी १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांना 'दीनबंधु' काढावा लागला आणि ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले. तत्कालीन पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात, बहिष्कृतांचे प्रश्न त्यांत येत नाहीत, ही त्यामागील जाणीव होती. ज्यांना बातमीत स्थान नाही, त्यांचा बातमीवर विश्वास बसण्याचे कारण नसते.

हाच प्रश्न आजच्या आंबेगाव-जुन्नरच्या संदर्भात विचारता येईल. या तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी कुटुंबांना हिरड्याच्या विक्रीतून महत्त्वाचे उत्पन्न मिळते. आपल्या दैनिकाच्या बाजारभावाच्या स्तंभात हिरड्याचा दर किती वेळा दिसतो, हे पाहा. दरड कोसळल्यावर ज्यांच्या दारात पत्रकार पोहोचतात, त्यांच्याकडे एरवी कोण जाते?

विश्वासाचा आणखी एक पैलू खासगीपणाचा आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या बातमीत बालकाची ओळख उघड करण्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार मनाई आहे. शहरात नाव वगळले की ओळख लपते, असे काही वेळा होऊ शकेल. दोनशे उंबऱ्यांच्या गावात मात्र वाडीचे नाव, इयत्ता आणि वडिलांचा व्यवसाय एवढे दिले, तरी सारे गाव त्या मुलीला ओळखते. नाव न छापताही कायद्याचा आणि माणुसकीचा भंग होतो. बातमी वाचणारे शेजारीच असतात, हे ग्रामीण पत्रकाराने कधीही विसरू नये.

४.३.७ पाठपुरावा : परत जाणे

मोठी घटना घडली की वाहिन्यांच्या गाड्या येतात आणि काही दिवसांनी निघून जातात. आपल्या दुःखाचा उपयोग करून घेतला गेला, ही भावना मागे राहते. ती दूर करण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे परत जाणे.

माळीणच्या बाबतीत परत जाणाऱ्या पत्रकारांना पुष्कळ काही दिसले. आमडे येथे पुनर्वसित गाव उभारण्यात आले आणि २ एप्रिल २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले. तो दिवस सोहळ्याचा होता आणि त्याची बातमी सर्वत्र आली. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांच्या आत, पहिल्याच मोठ्या पावसात नव्या गावातील रस्ते खचले, भराव वाहून गेला, बांधकामांना तडे गेले. एकदा डोंगर कोसळलेला पाहिलेल्या माणसांच्या मनावर या तड्यांचा काय परिणाम झाला असेल, याची कल्पना करा. लोकार्पणाची बातमी देणाऱ्या वृत्तपत्राने तड्यांचीही बातमी दिली, तरच पहिली बातमी प्रामाणिक ठरते. आश्वासनाची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवणे आणि त्या तारखेला पुन्हा त्या दारात उभे राहणे, हे काम खर्चिक नाही. त्यासाठी स्मरण लागते. जो वार्ताहर त्याच तालुक्यात राहतो, त्याला ते सर्वांत सहज जमू शकते.

४.४ सारांश

वाचक स्वतः पडताळू शकणाऱ्या स्थानिक बातम्यांवरून वृत्तपत्राची पारख करतो आणि त्या आधारे इतर बातम्या स्वीकारतो. विश्वास संपादन करण्यासाठी पत्रकाराने पाहिलेले, ऐकलेले व अनुमानाने काढलेले वेगळे ठेवावे. माहितीचा स्रोत आणि मर्यादा सांगावी. तोलून वापरलेली क्रियापदे व विशेषणे विश्वासार्हता वाढवितात. चूक ठळकपणे मान्य करणे, जाहिरात व बातमी यांत भेद राखणे, दुर्लक्षितांना स्थान देणे, पीडितांचा खासगीपणा जपणे आणि घटनेनंतर पाठपुरावा करणे, ही विश्वासाची अन्य अंगे आहेत. आपल्यापैकी काही जण वार्ताहर असतील. इतर अनेक जण गावच्या समूहावर रोज संदेश पाठवीत असतील. 'हे मला कसे कळले?' हा प्रश्न दोघांनीही स्वतःला विचारायचा आहे.

४.५ पारिभाषिक शब्द

पडताळणी : मिळालेली माहिती खरी आहे की नाही, हे स्वतंत्र मार्गाने तपासणे.
श्रेयनिर्देश : माहिती कोणी दिली, याचा बातमीत स्पष्ट उल्लेख करणे.
पाठपुरावा : घटनेनंतरच्या घडामोडींचा सातत्याने शोध घेऊन बातमी देणे.
पेड न्यूज : मोबदला घेऊन, जाहिरात असल्याचे न सांगता बातमीच्या रूपात छापलेला मजकूर.
वार्ताहर : विशिष्ट गाव वा तालुक्यातून वृत्तपत्राला बातम्या पाठविणारी व्यक्ती.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'छापलेला प्रत्येक अंक बरोबर असूनही बातमीतून उभे राहणारे चित्र चुकीचे ठरते', हे विधान उदाहरणासह स्पष्ट करा.
२. माळीण दुर्घटनेच्या आधारे आपत्तीच्या वार्तांकनातील पथ्ये लिहा.
३. १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणातून आजच्या पत्रकाराने काय शिकावे, ते सांगा.
४. टिपा लिहा : (अ) कर्ता नसलेली क्रियापदे (आ) ग्रामीण बातमीतील खासगीपणा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या तालुक्याच्या पानावरील सलग सात दिवसांच्या बातम्यांची कात्रणे जमवा. त्यांतील किमान एक बातमी स्वतः पडताळून पाहा. बाजारभावाची असल्यास बाजार समितीतील फलकाशी ताडून पाहा, ग्रामसभेची असल्यास उपस्थित असलेल्या दोघांशी बोला. बातमीत काय आले, काय राहिले, कोणाचे म्हणणे आले नाही, याची नोंद करा. नंतर तीच बातमी आपल्या शब्दांत दीडशे शब्दांत लिहा आणि दोन्ही मजकूर अभ्यासकेंद्रावरील समंत्रकांना दाखवा.